व्हीलचेअरवरच्या मुलाला थीम पार्कमध्ये कोणत्या राईडवर बसता येतं?

हदगावहून थीम पार्क बघायला जायचं तर दोनच दिशा. एक हैदराबादची, रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसरी खोपोलीजवळच्या इमॅजिकाची, ती सहाशेच्या घरात. एवढा प्रवास करायचा, तिकीट काढायचं, रांगेत थांबायचं आणि राईडच्या तोंडाशी 'याला नाही बसता येणार' असं ऐकायचं. पाच वर्षांचं पोर रुसतं आणि आईस्क्रीमवर विसरतं. पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत मिळालेला नकार विसरता येत नाही. पण यातले बरेचसे नकार घरबसल्या आधीच कळू शकतात.

माळेगावच्या यात्रेत आकाशपाळण्याजवळ कुणी काही विचारत नाही. वडील मुलाला उचलतात, पाळण्यात ठेवतात, शेजारी बसतात आणि पाळणा फिरतो. थीम पार्कमध्ये मात्र प्रत्येक राईडला बनवणाऱ्या कंपनीचे नियम असतात आणि ऑपरेटरला ते मोडता येत नाहीत. घरच्यांना हा अडेलतट्टूपणा वाटतो. काही वेळा तो असतोही.

नेमकं काय बघितलं जातं?

पहिला प्रश्न खुर्चीतून राईडच्या सीटवर जाण्याचा. बहुतेक पार्कांत कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत, ते काम सोबतच्या माणसाने करायचं असतं. चाळीस-पन्नास किलोचा मुलगा एकट्या आईला उचलणं शक्य नसतं, म्हणून सोबत दोन धडधाकट माणसं हवीतच. दुसरा प्रश्न धड आणि मान सावरण्याचा. रोलर कोस्टर वळणावर शरीराला जोरात बाजूला फेकतो. खांद्यावरून येणारा पट्टा माणसाला सीटमध्ये धरून ठेवतो, पण मान ज्याची त्यालाच धरावी लागते. मणक्याच्या दुखापतीमुळे फक्त पाय गेलेल्या मुलाला जी राईड जमेल, ती सेरेब्रल पाल्सी किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाला धोक्याची ठरू शकते. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या राईडला पायाखाली फरशीच नसते, पाय मोकळे लोंबतात. ज्याचे पाय स्वतःच्या ताब्यात नाहीत किंवा अचानक आखडतात, त्याच्यासाठी ही वेगळीच अडचण. पाठीत सळई बसवली असेल, हाडं ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. राईड मध्येच बंद पडली तर काय? उंचावर अडकलेल्या लोकांना अरुंद जिन्याने चालत खाली आणतात. चालता न येणाऱ्याला तिथून कसं उतरवायचं, याची सोय नसेल तर ऑपरेटर सुरुवातीलाच नाही म्हणतो. त्यामुळे दिसायला अगदी साधी राईडही कधी नाकारली जाते.

म्हणून पार्कला फोन करून 'व्हीलचेअर चालते का?' एवढंच विचारलं तर हाती काही लागत नाही. उत्तर 'हो' येतं आणि ते फक्त रस्त्यांपुरतं असतं. राईडचं नाव घेऊन विचारायचं: सीटपर्यंत पायऱ्या किती, खुर्ची कुठपर्यंत नेता येते, अडकल्यावर कसं उतरवतात. रामोजीत बरीचशी सफर बसमधूनच होते, तेव्हा तिथे बसमध्ये कसं चढायचं हाच मुख्य प्रश्न. उत्तरं लेखी, निदान ईमेलवर घ्यावीत.

कायदा काय म्हणतो?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत खासगी मालकीच्या, पण लोकांसाठी खुल्या असलेल्या करमणुकीच्या जागाही येतात. म्हणजे गेट, रस्ते, स्वच्छतागृह, उपाहारगृह सुगम ठेवणं हा पार्कचा उपकार नाही. राईडबाबत कलम ३ महत्त्वाचं आहे. अपंगत्वामुळे वेगळी वागणूक द्यायची तर त्यामागे रास्त हेतू हवा आणि नकार त्या हेतूच्या प्रमाणातच हवा. मान सावरत नाही म्हणून एका राईडला नकार, हे यात बसतं. व्हीलचेअर दिसली म्हणून सगळ्याच राईडना नकार, हे बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशींसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं सांगितलं. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. महाराष्ट्राचं आयुक्तालय पुण्यात आहे.

जाण्याआधी

नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला सिकंदराबादला, दुसऱ्या बाजूला मुंबईला जाते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवावं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं टाळलेलं बरं. पायांना संवेदना नसतील तर तापलेल्या सीटचा चटका मुलाला कळतच नाही, फोड दिसतो तो रात्री. वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर कातडी सोलवटली तरी तसंच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा बाजूला कलून अंगाखालचा दाब हलका करायला हवा, आणि रांगेत नेमकं तेच राहून जातं. स्वच्छतागृहाचं दार खुर्ची आत जाईल इतकं रुंद आहे का, हेही विचारून घ्यावं. मुलगी असेल आणि वडील तिला घेऊन आत जाणार असतील, तर स्त्री-पुरुष अशा विभागणीपेक्षा वेगळी, कुटुंबासाठीची खोली लागते. ती नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

राईड मुळातच वेगळी बांधता येते, हे अमेरिकेत सॅन अँटोनिओ इथे २०१० साली सुरू झालेल्या मॉर्गन्स वंडरलँडने दाखवलं. गॉर्डन हार्टमन यांनी ते आपल्या दिव्यांग मुलीसाठी उभारलं. तिथल्या मेरी-गो-राउंडवर व्हीलचेअरसकट बसायची जागा आहे आणि ती जागा शेजारच्या घोड्यांसोबत वर-खाली होते. शेजारच्या वॉटर पार्कमध्ये दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या मिळतात. दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे.

कोणत्या राईडवर बसायचं आणि कोणती खालूनच बघायची, ही यादी घरीच करावी आणि ती मुलाला करू द्यावी. कुणी उचलायचं, कसं धरायचं, हेही तोच सांगेल. आई-वडिलांना भीती वाटते ती राईड त्याच्या यादीत पहिली असण्याचीच शक्यता जास्त. मग त्याच राईडबद्दल पार्कला पहिला फोन लावायचा.