मुलाच्या हाती पहिले वाद्य देताना

दसरा येतो किंवा वाढदिवस, आणि घरात वाद्य येते. बाबांना लहानपणी सतार शिकायची होती, ते राहून गेलेले असते. आईने टीव्हीवरच्या एखाद्या कार्यक्रमात चिमुरड्या मुलीला सफाईने गिटार वाजवताना पाहिलेले असते. दुकानदार म्हणतो, "मूल वाढणारच आहे, मोठेच घ्या ना!" मग शाळेच्या बुटांसारखे वाद्यही दोन नंबर मोठे घेतले जाते. पहिले आठ दिवस शेजारीपाजारी कौतुकाने ऐकतात. तिसऱ्या महिन्यात वाद्य कपाटावर जाते आणि घरात एक वाक्य कायमचे रुजते, "आमच्या बंड्याला संगीतात काही गती नाही हो!"

हे वाक्य वाद्याहून महाग पडते. पाहुण्यांसमोर चारदा उच्चारले गेले की मुलाला ते खरेच वाटू लागते. पुढे शाळेच्या समूहगीतातही ते मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभे राहते. प्रत्यक्षात गती नव्हती असे कुठे होते? बोट भोकापर्यंत पोचत नव्हते, भाता हलवून दंड भरून येत होता किंवा पोलादी तार बोटाला कापत होती, एवढेच. सहा वर्षांच्या मुलाला हे नेमके सांगता येत नाही. ते इतकेच म्हणते, "मला नाही वाजवायचे." म्हणून पहिले वाद्य निवडताना मुलाची आवड पाहावी, घरची हौसही पाहावी, पण त्याआधी मुलाचा हात, बोटे आणि दम यांचे माप पाहावे.

आधी कान, मग हात

उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांच्या जन्मानंतर वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी तान्ह्या बाळाच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते, ही आठवण झाकीरभाई मुलाखतींतून सांगत असत. प्रत्येक घर काही अल्लारखाँचे नसते. पण धडा घेण्याजोगा आहे. तबल्याच्या परंपरेत बोल हातात येण्याआधी तोंडात येतात. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांचा विचारही फार वेगळा नव्हता. मूल मातृभाषा ऐकून ऐकून बोलू लागते, तसेच संगीतही ऐकून यावे, असे ते म्हणत. त्यांच्या पद्धतीत तर मुलाआधी आई व्हायोलिनचे पहिले धडे घेते!

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी वाद्याच्या दुकानाची पायरी चढण्याची घाईच नको. टाळ, झांज, खंजिरी, घुंगरू ही वाद्ये त्याच्या हातात मावतात आणि पहिल्याच फटक्याला वाजतात. आरतीच्या वेळी झांज ठेक्यात वाजते की नाही, गाणे संपले तरी मूल सूर गुणगुणत राहते की ताटावर बोटे आपटते, हे महिनाभर नुसते पाहावे. ताटावर ठेका धरणाऱ्याच्या आणि गुणगुणणाऱ्याच्या वाटा बहुधा वेगळ्या असतात.

पेटीचे सुख आणि पेटीचे दुखणे

मराठी घरात पहिले वाद्य म्हटले की पेटी आठवते, आणि ते योग्यच आहे. पट्टी दाबली की सूर लागतो. तो शोधावा लागत नाही, की जुळवावा लागत नाही. 'सा' कुठे आणि 'प' कुठे हे डोळ्यांनाही दिसते. मुलाला पहिल्याच दिवशी काहीतरी वाजवल्याचा आनंद मिळतो, आणि या वयात तो आनंद फार मोलाचा असतो.

हा तयार सूरच पेटीचा दोषही मानला गेला. तिच्यावर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधले बारीक स्वर मिळत नाहीत. याच आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. पण गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ज्यांनी ऐकली, त्यांना हा वाद कधी पटला नसेल. आणि पहिलीतल्या मुलाला मींडेची काळजी आतापासून कशाला?

त्याची खरी अडचण भात्याची असते. एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या, ही कसरत सहा-सात वर्षांच्या मुलाला जड जाते. पेटी त्याच्या छातीपर्यंत येते. हात वरून वळवून भात्याला पोचतो तो ताणूनच. यावर सोपा उपाय म्हणजे पहिले काही महिने भाता आजोबांनी किंवा आईने हलवावा आणि मुलाने फक्त वाजवावे. मुलाच्या बुडाखाली घट्ट उशी द्यावी. संध्याकाळची ही पंधरा मिनिटे आजोबांनाही आवडतात, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे.

पेटीऐवजी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेण्याकडे आज कल आहे. फ्लॅटमध्ये हेडफोन लावून वाजवता येतो, भात्याची कटकट नाही. मात्र घ्यायचाच तर पट्ट्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात. खेळण्यातल्या बारीक पट्ट्यांवर बसलेली बोटे पुढे पेटीवर किंवा पियानोवर अडखळतात. आणि एक बटण दाबले की आपोआप ढोल-ड्रम वाजू लागतात ना, त्या बटणावर पहिले वर्षभर चिकटपट्टी लावून ठेवलेली बरी! ठेका यंत्राने धरला की मूल स्वतः धरायला शिकत नाही.

तबला, बासरी, तारा

ताटावर बोटे आपटणाऱ्यासाठी तबला उत्तम. तबल्याचे तोंड साधारण पाच ते सहा इंचांचे असते, लहान हात चाटेपासून शाईपर्यंत सहज पोचतो. तोंड लहान तितका सूर चढा, एवढे लक्षात ठेवावे. हातोडीने गट्टे ठोकून तबला सुरात आणणे मात्र मुलाचे काम नव्हे, ते गुरुजींकडून घरातल्या कोणीतरी शिकून घ्यावे. पावसाळ्यात पुडी उतरते, तेव्हा आवाज 'मेला' म्हणून मुलाला रागावू नये.

बासरी स्वस्त, हलकी आणि दिसायला सोपी. म्हणूनच तिच्यावर फसगत अधिक. पन्नालाल घोष यांनी रूढ केलेली मैफलीतली लांब बासरी अडीच फुटांच्या घरात असते. तिची भोके मुलाच्या बोटांना झाकतच नाहीत. बोटाच्या कडेने जराशी हवा निसटली तरी सूर चिरकतो. त्यातून सहा-सात वर्षांचे वय म्हणजे पुढचे दुधाचे दात पडण्याचे, फुंक एका जागी ठरत नाही. जोरजोरात फुंकून डोके गरगरते ते वेगळेच. आठ-नऊ वर्षांनंतर, आखूड आणि चढ्या सुराची बासरी द्यावी, आणि तीही वाजवणाऱ्या माणसाकडून पारखून घ्यावी. जत्रेतली रंगीत बासरी दिसते छान, पण बहुधा बेसूर असते, आणि त्या बेसूरपणाचे खापर मुलावर फुटते.

तारांच्या वाद्यांत मापाचा प्रश्न सर्वांत मोठा. व्हायोलिनवाल्यांनी तो कधीच सोडवला आहे. सोळांशापासून पाऊण मापापर्यंत मुलांची व्हायोलिने मिळतात. (अर्ध्या मापाचे म्हणजे लांबीने निम्मे नव्हे, पूर्ण मापाहून थोडेसेच लहान.) डावा हात सरळ पुढे करून व्हायोलिनचे टोक तळहातात ठेवावे. बोटे टोकाभोवती सहज वळली तर माप बरोबर. गिटारही अर्ध्या आणि पाऊण मापात मिळते. लहान मुलासाठी पोलादी तारांऐवजी नायलॉनच्या तारांची घ्यावी, म्हणजे बोटे सोलवटत नाहीत.

सतारीचे तसे नाही. जवळपास चार फूट लांबीचे हे वाद्य मांडीवर तोलून, तार ओढून मींड काढणे लहानग्याच्या आवाक्यातले नाही. पंडित रविशंकर यांनी कन्या अनुष्का यांच्यासाठी मुद्दाम लहान आकाराची सतार करवून घेतली होती. मिरजेच्या ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिरांकडे चौकशी जरूर करावी. पण दहा वर्षांपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबणे अधिक बरे. तोवर पेटीवर आणि गळ्यावर सूर पक्का झाला, तर सतारीवर तो लवकर सापडतो.

शिक्षक आधी, खरेदी नंतर

मुलाला आवडलेले वाद्य शिकवणारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? हा प्रश्न वाद्याच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. दोन बस बदलून जावे लागणारा उत्तम गुरू आणि गल्लीतला प्रेमळ, साधा शिक्षक यांत पहिल्या दोन वर्षांसाठी दुसराच निवडावा. बडोदा, इंदूर किंवा हैदराबादच्या एखाद्या वसाहतीत पेटीचा शिक्षक मिळत नसेल आणि व्हायोलिनचा मिळत असेल, तर व्हायोलिन घ्यावे. मूल वाद्याआधी शिक्षकावर जीव लावते. परीक्षांची घाईही नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' कुठे पळून जात नाही.

पहिले दोन-तीन महिने वाद्य उसने आणावे किंवा क्लासमधलेच वापरावे. त्यानंतर खरेदीला जाताना शिक्षकांना सोबत घ्यावे. जुनी पेटी घेताना एकही पट्टी न दाबता भाता भरून सोडावा. तो भराभर मिटला, तर हवा कुठेतरी गळते आहे. पट्टी न दाबताच बारीक गुणगुण ऐकू आली, तर एखादी पट्टी नीट बसत नाही असे समजावे. मग एकेक पट्टी सावकाश दाबून पाहावी, काळ्यासुद्धा. आणि शेवटी मुलाला पेटीसमोर बसवून त्याचा हात भात्यापर्यंत पोचतो का, हे तिथेच दुकानात पाहून घ्यावे.