पन्नास मिनिटांचा तास

गेल्या दिवाळीत आमच्याकडे चकल्या तळताना ओट्यावर लॅपटॉप सुरू होता. गाणी नव्हती, व्याख्यान होतं. माझ्या नणंदबाई न्यूयॉर्कला वकील आहेत. मध्येच त्या पिठाचे हात पुसून एक संकेतशब्द वहीत लिहून घेत. मला गंमत वाटली. "ताई, पंधरा वर्षं वकिली केल्यावर पुन्हा शाळा?"

"दर दोन वर्षांनी," त्या म्हणाल्या.

न्यूयॉर्कच्या अनुभवी वकिलाला दोन वर्षांत २४ क्रेडिट मिळवावी लागतात. त्यांतली किमान ४ व्यावसायिक नीतिमत्तेची. जुलै २०२३ पासून एक क्रेडिट सायबर सुरक्षेचंही आहे. वाढदिवसानंतरच्या तीस दिवसांत नोंदणीचं नूतनीकरण करताना 'मी अभ्यास पूर्ण केला' असं लिहून द्यायचं. प्रमाणपत्रं पाठवायची नाहीत, पण चार वर्षं जपून ठेवायची. ताईंचा वाढदिवस नेमका दिवाळीच्या सुमारास, म्हणून चकलीबरोबर व्याख्यान!

इथला तास पन्नास मिनिटांचा. साताऱ्याच्या शाळेत माझा तास पस्तीस मिनिटांचा असे आणि त्यातली पाच हजेरीत जात. मागच्या बाकावरची मुलं मला आठवली. "तुम्ही तरी लक्ष देता का?" मी विचारलं. ताई हसल्या. "नेहमी नाही गं."

पण त्या दिवशीच्या तासाकडे त्यांचं लक्ष होतं. घरखरेदीच्या व्यवहारात चोर वकिलाच्या नावाने ईमेल पाठवतात आणि पैसे भरायचं खातं बदलल्याचं कळवतात, असा विषय होता. पंधरा दिवसांनी ताईंच्या अशिलाला, एका तरुण जोडप्याला, अगदी तसाच ईमेल आला. ताईंनी आधीच बजावलं होतं, 'खातं बदललं म्हणाले तर मला फोन करा.' त्यांनी फोन केला आणि आठ वर्षांची बचत वाचली. 

माझे सासरे साताऱ्याला वकिली करतात. भारतात वकिलाला सनद मिळाल्यावर अशा तासांची सक्ती नाही. पण १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सत्तरी ओलांडलेले बाबा पुन्हा पाठांतराला बसले. खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीचं ४२० चं ३१८. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "सूनबाई, माझी परीक्षा घ्या." मी घेतली. दहापैकी सात.

ताईंच्या नियमांत मला एक कलम फार आवडलं. दुसऱ्या वकिलांना शिकवलं, तर पन्नास मिनिटांना तीन क्रेडिट मिळतात. ज्याने कधी वर्ग घेतला आहे, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. एक तास घ्यायचा तर आदल्या रात्री तीन तास वाचावं लागतं.

मी शाळा सोडून नऊ वर्षं झाली. इथल्या शिक्षकांनाही व्यावसायिक प्रमाणपत्र टिकवायला पाच वर्षांत १०० तास शिकावं लागतं. मला कुणी विचारत नाही. मुलं लहान आहेत, घर आहे, सबबी भरपूर आहेत. ताईंनी जाताना आपली जुनी वही माझ्यापुढे ठेवली. "निम्मी कोरी आहे. तू वापर."

पहिल्या पानावर मी इथल्या शिक्षक-परवान्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी लिहिली आहे. एम. ए. ची गुणपत्रिका साताऱ्याच्या कपाटात आहे. बाबा शोधत आहेत.