जुनी माउंटन बाइक घेताना: २१ गिअर, डबल शॉकर आणि इतर गैरसमज

जुनी एमटीबी विकणाऱ्याच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: २१ गिअर, डबल शॉकर, डिस्क ब्रेक. तिन्ही खऱ्या असतात, पण सायकल चांगली की वाईट हे त्यांवरून ठरत नाही. कॉलेजातली मुलं-मुली साठवलेले पैसे याच तीन शब्दांवर घालवतात आणि सिंहगडाच्या चढावर दमून सायकल कायमची जिन्याखाली लावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पैशात चांगली सायकल मिळाली असती.

जितके गिअर जास्त तितका चढ सोपा, हा समज सगळ्यांत पक्का आहे. २१ म्हणजे पुढे तीन चक्रं आणि मागे सात. स्वस्त सायकलींवर पुढे ४२, ३४, २४ दात्यांची आणि मागे १४ ते २८ दात्यांची चक्रं ही नेहमीची जोडणी. सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे २४ आणि मागे २८ असताना, पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक सुमारे ०.८६ फेरा फिरतं. आता पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे १० ते ५१ दात्यांची बारा चक्रं असलेली सायकल घ्या. तिथे हाच आकडा ०.६३ येतो. वेगाच्या टोकाला पहिलीचा आकडा ३, दुसरीचा ३.२. म्हणजे बारा गिअरची सायकल चढाला हलकी आणि सपाटीलाही पुढे. २१ पैकी बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात: पुढे ४२ आणि मागे २८ लावा, किंवा पुढे २४ आणि मागे १६, गुणोत्तर दीडच. म्हणून गिअर किती हे विचारण्यापेक्षा मागच्या सर्वांत मोठ्या आणि पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मोजा.

मागे सात चक्रं असतील तर बहुधा ते हबवर आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडची बेअरिंग ॲक्सलच्या टोकापासून बरीच आत राहते आणि खडकाळ वाटेवर आदळून ॲक्सल वाकतो. कॅसेटच्या, म्हणजे आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवलेल्या चक्रांच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असते. डोंगरात जायचं असेल तर कॅसेटचीच सायकल बघा.

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण चेनच्या पट्ट्या ताणत नाहीत. आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, फट वाढते आणि चेन लांबते. तपासायला स्टीलची फूटपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. आठवा भाग गेली असेल तर कॅसेटचे दातेही बहुतेक त्या चेनबरोबर झिजलेत. नुसती नवी चेन टाकली की ती जोर लावताच घसरते. चेन, कॅसेट आणि पुढचं चक्र यांची किंमत दुकानात आधी विचारून ठेवा आणि ती मागितलेल्या रकमेतून वजा करूनच बोलणी करा.

डबल शॉकरबद्दल माझं मत ठाम आहे: स्वस्तातली, मागेही शॉक असलेली सायकल नवी असो वा जुनी, घेऊ नये. तिच्या मागच्या भागात नुसती स्प्रिंग असते, दाबल्यावर उसळी रोखणारी यंत्रणा नसते. चढावर तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते, वजन वाढतं आणि सांध्यांमधले बुश झिजून मागचं चाक डुलू लागतं. त्याच पैशात बरा पुढचा शॉक असलेली जुनी हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली सायकल घ्या. पुढचा ब्रेक दाबून हॅन्डलवर भार टाका: शॉक सरळ खाली जाऊन सावकाश वर यायला हवा. शॉकच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर आतली सीलं लवकर जातात. ब्रेक तसाच धरून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटपाशी, म्हणजे हॅन्डल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथे, बोटाला खटका जाणवला तर ढिलाई आहे. ती कधी नुसत्या आवळण्याने जाते, कधी बेअरिंग बदलावी लागते.

डिस्क ब्रेक पावसाळ्यात आणि चिखलात खरंच उपयोगी, कारण रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचं रबर तिथे ओल्या रिमवरून घसरतं. पण तारेवर चालणाऱ्या हलक्या डिस्कपेक्षा नीट लावलेला, रिमवर दाबणारा व्ही-ब्रेक कोरड्या रस्त्यावर चांगला थांबवतो. हायड्रॉलिक असेल तर आतलं तेल कुठलं, हे जाणून घ्या. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट फ्लुइड. मोटरसायकलच्या दुकानातलं डॉट शिमानोत घातलं की सीलं फुगून ब्रेक निकामी होतात.

चकाचक सायकल म्हणजे सांभाळलेली सायकल, असंही नाही. प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. रंगापेक्षा हॅन्डलखालच्या नळीच्या मागची बाजू बघा: तिथे रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा असेल तर सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. अशी फ्रेम फुकटही नको. कोकणातली सायकल असेल तर सीटचा दांडा वर-खाली होतो का, पाहाच. खाऱ्या हवेत तो नळीत घट्ट चिकटून बसतो.

‘सीट वर-खाली केली की कुठलाही साइज चालतो’ हे तर साफ चूक. सीटने पायांचा हिशेब जुळतो, पण सीटपासून हॅन्डलपर्यंतचं अंतर फ्रेमच ठरवते. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात तेव्हा सीट पॅडल मारायला फार खाली असते.

फ्रेमचा नंबर बहुधा पॅडलच्या जोडाखाली कोरलेला असतो. तो बिलाशी ताडून पाहा. बिल नसेल तर विक्रेत्याकडून नंबरासह लिहून घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल तर व्यवहार सोडा. जुनं हेल्मेट मात्र सायकलबरोबर फुकट मिळालं तरी वापरू नका, कारण आतला फोम आधीच्या आपटण्यात दबलाय का, हे बाहेरून दिसत नाही.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी हवा. टायर दगडासारखा टणक केला की सायकल पळते, हे डांबरावर थोडंफार खरं, पण खडीवर तसा टायर प्रत्येक दगडावरून उसळतो आणि पकड सोडतो. टायरवर छापलेली कमाल मर्यादा म्हणजे भरायचा आकडा नव्हे. सव्वादोन इंची, ट्यूब असलेल्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी मातीवर ३० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा, रिम दगडाला लागू लागली तर दोन-दोनने वाढवा, आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा.