प्रतिपिंड : व्याधी आणि औषध

मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीवर शरीराचेच प्रतिपिंड उलटले, म्हणजे लघवीवाटे प्रथिने वाहून जातात व अंगावर सूज चढते. पटलीय वृक्कविकार हा यातील एक चिवट प्रकार होय. त्यावर योजिले जाणारे रिटुक्सिमॅब हेही प्रतिपिंडच. मात्र ते गाळणीकडे न वळता, ज्या बी-पेशींच्या वंशातून रोगकारक प्रतिपिंड निपजतात त्या पेशींनाच नष्ट करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मेंटॉर चाचणीत दोन वर्षांअखेर या औषधाने ६० टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात होता. सायक्लोस्पोरिनने अवघ्या २० टक्क्यांचा.

‘प्रतिपिंडांनी रोग झाला, म्हणून प्रतिपिंड देतो’ हे वाक्य मराठीभाषकासही कोडे वाटेल. मग गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या माडियाभाषकाची गोष्टच नको. पेशींची हकीकत आधी सांगितल्यास उलगडा होतो, आणि तो व्हावयासच हवा. कारण संमती रुग्णाने द्यावयाची असते. या औषधाने प्रतिकारशक्ती उणावते, सुप्त ‘ब’ कावीळ पुन्हा उफाळू शकते; तिची तपासणी आधी करणे अटळ. शिवाय शिरेतून द्यावयाची दुसरी मात्रा बहुधा पंधरवड्याने असते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट तुटते. पहिलीची तारीख ठरवितानाच दुसरीच्या वेळी वाट खुली असेल काय, हे पाहावे लागते.