नोटरी झाली म्हणजे करार झाला?

चाकणला नोकरी लागली की बीड-लातूरकडचा मुलगा रविवारी दुपारी खोली बघतो आणि संध्याकाळी डिपॉझिट देऊन मोकळा होतो. सोमवारी पहिली पाळी असते, थांबायला वेळ कुठला? फरशी चकचकीत आहे, नळाला पाणी येतंय, एवढ्यावर सौदा ठरतो. पुढे जे बिनसतं त्याचं मूळ बऱ्याचदा कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेल्या चुकीच्या माहितीत असतं.

"अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे." सगळ्यांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. मालकाला हे समजावून सांगितलं, तर नोंदणीची घाई तोच करेल.

"नोंदणीला फार खर्च येतो" हेही तितकंसं खरं नाही. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० धरा. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे साधारण अडीचशे रुपये. नोंदणी शुल्क शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. वर थोडा हाताळणी खर्च आणि एजंटची फी. आधार आणि अंगठा यांच्या जोरावर हे काम आता ऑनलाइन होतं. या कागदाची खरी किंमत मूल शाळेत घालताना कळते. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी रहिवासाचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलाच भाडेकरार चालतो. नोटरीचा कागद घेऊन आलेले आईवडील तिथून परत फिरतात, तेव्हा चूक दुरुस्त करायची वेळ गेलेली असते.

"कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही." ही मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. म्हणून रक्कम, परत मिळण्याची मुदत आणि कशाकशाचे पैसे कापले जातील, हे करारात लिहून घ्या. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनेच द्या. भाड्याची लेखी पावती हा तुमचा हक्क आहे, तो मागताना संकोच कशाला?

पैसे कुणाला देताय, तेही बघा. "मालकाचा भाऊच आहे" यावर विसंबू नका. मिळकतकराची पावती, वीजबिल किंवा गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मागा आणि त्यावरचं नाव आधारशी ताडून पाहा.

"महापालिकेची हद्द म्हणजे पाण्याची काळजी नाही." पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. तेव्हा नळ सोडून बघण्यापेक्षा टाकी केवढी आहे, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्यांचे पैसे मेन्टेनन्समध्ये धरलेत की वेगळे द्यायचे, हे विचारा. मालकापेक्षा शेजारची काकू याचं उत्तर नेमकं देईल.

भोसरी किंवा म्हाळुंगेत एका मीटरवर अनेक खोल्या चालतात. घरगुती विजेचा पहिल्या १०० युनिटचा दर आणि त्यापुढचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. सगळ्यांचा वापर एकत्र मोजला की तुमचे साठ युनिटही महाग होतात. महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे का ते बघा. सबमीटर असेल तर राहायला जाण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. वाद झाला म्हणून मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ त्याला मनाई करतं.

अंतराचं थोडक्यात सांगतो. पाच किलोमीटर म्हणजे जवळ, हे चाकणला लागू नाही. पाळी सुटायच्या वेळेला तळेगाव चौकातून एकदा जाऊन या, मग ठरवा.

"रेड झोन, ब्लू लाइन ही घर विकत घेणाऱ्यांची भानगड." देहूरोडचा दारूगोळा डेपो आणि दिघीचं मॅगझिन यांच्याभोवतीच्या रेड झोनमध्ये बांधकामाला मनाई आहे, तरी तळवडे, रुपीनगर, दिघी भागात त्या पट्ट्यात घरं उभी आहेत आणि भाड्यानेही जातात. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. घर पाडताना आत मालक राहतो की भाडेकरू, याने काही फरक पडत नाही. नदी जवळ असेल तर जुलै २०२४ मध्ये पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या.

चाकण अजून ग्रामीण पोलिसांकडे आहे असं समजणारेही भेटतात. १५ ऑगस्ट २०१८ पासून ते पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. भाडेकरूची माहिती तिथेच द्यायची असते. ती द्यायचं काम मालकाचं. आपण आधार आणि फोटो देऊन पोच मागून ठेवावी.

राहिलं ते आगीचं. ३० ऑगस्ट २०२३ ला पहाटे पिंपरी-चिंचवडच्या पूर्णानगरात दुकानातच राहणाऱ्या एका कुटुंबातले चौघे आगीत गेले. खाली गोदाम किंवा दुकान आणि वर खोल्या, अशी घरं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. तिथे खोली बघायला जाल तेव्हा खाली काय साठवलंय ते विचारा, दुसरा जिना आहे का बघा, आणि खिडकीचं ग्रिल आतून उघडतं का, ते स्वतःच्या हाताने उघडून पाहा.