आमेरच्या आमदाराचं न पडलेलं मत : राज्यसभेची पोटनिवडणूक समजून घेताना



आजचा विषय राज्यसभेच्या पोटनिवडणुकीचा. लोकसभेची पोटनिवडणूक लागली की सभा होतात, भोंगे वाजतात, मतदान केंद्रांवर रांगा लागतात. राज्यसभेची पोटनिवडणूक मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका ओळीत संपते : 'अमुक अमुक बिनविरोध'. आपण पान उलटतो. पण त्या एका ओळीमागे एक गणित आहे आणि ते आपल्या मताशी थेट जोडलेलं आहे. ते आज नीट समजून घेऊ.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी जयपूरजवळ आमेरला राहतो. मराठी माणसाला आमेर नवं नाही. १६६५ साली पुरंदरचा तह करायला आलेले मिर्झाराजे जयसिंग इथलेच. पण आज मी आमेर घेतलंय ते वेगळ्या कारणासाठी. राजस्थानात २०१९ आणि २०२४ अशा पाच वर्षांच्या अंतराने राज्यसभेच्या दोन पोटनिवडणुका झाल्या. त्या दोन्हींमध्ये आमेरच्या मतदाराचं काय झालं हे पाहिलं, की सगळा विषय उलगडतो.

जागा रिकामी कशी होते?

राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ती झाली नियमित, म्हणजे द्वैवार्षिक निवडणूक. मुदत संपण्याआधीच जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक. याची मुख्य कारणं तीन.

एक, सदस्याचं निधन. दोन, राजीनामा. तीन, राज्यसभेचा सदस्य लोकसभेवर निवडून येणं. या तिसऱ्या प्रकारात राजीनाम्याचीही गरज नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे, लोकसभेवर निवडून आल्याच्या तारखेलाच त्याची राज्यसभेची जागा आपोआप रिकामी होते.

जागा रिकामी झाली की निवडणूक आयोगाला सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. अपवाद दोनच : उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून या काळात निवडणूक घेणं कठीण असल्याचं आयोगाने प्रमाणित केलं असेल. आणि निवडून येणाऱ्याला नवी सहा वर्षं मिळत नाहीत. आधीच्या सदस्याची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच मिळते.

मतदार कोण? त्या राज्याच्या विधानसभेचे निवडून आलेले आमदार, फक्त तेच. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, पण परिषदेच्या आमदारांना इथे मत नाही. मतदान उघड असतं. म्हणजे पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते.

आमेरने पाहिलेल्या दोन पोटनिवडणुका

पहिली २०१९ ची. मदनलाल सैनी हे राजस्थानातून भाजपचे राज्यसभा सदस्य आणि पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. २४ जून २०१९ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांची मुदत एप्रिल २०२४ पर्यंत होती. पण मधल्या काळात, डिसेंबर २०१८ मध्ये, विधानसभा बदलली होती. काँग्रेस सत्तेवर होती. काँग्रेसने माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना उभं केलं. आसाममधली त्यांची मुदत जूनमध्येच संपली होती. भाजपने उमेदवार दिला नाही आणि १९ ऑगस्ट २०१९ ला डॉ. सिंग बिनविरोध निवडून आले. भाजपची जागा काँग्रेसकडे गेली.

दुसरी २०२४ ची. काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल २०२० मध्ये राजस्थानातून राज्यसभेवर गेले होते. मुदत जून २०२६ पर्यंत. जून २०२४ मध्ये ते केरळातल्या अलप्पुळामधून लोकसभेवर निवडून आले आणि इथली जागा रिकामी झाली. तोवर विधानसभा पुन्हा बदलली होती. डिसेंबर २०२३ मध्ये भाजपला ११५ जागा मिळाल्या होत्या. भाजपने पंजाबचे रवनीत सिंग बिट्टू यांना उभं केलं. ते लुधियानातून लोकसभा हरले होते, पण केंद्रात राज्यमंत्री झाले होते, आणि मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. काँग्रेसने उमेदवार दिला नाही. २७ ऑगस्ट २०२४ ला बिट्टू बिनविरोध. काँग्रेसची जागा भाजपकडे गेली.

सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान पडला तर त्याच्या जागी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधून तयार झालेला मराठाच येतो. बिल्ला तोच राहतो. राज्यसभेत तसं नाही. इथे जागा पक्षाची नसते. ती त्या दिवशीच्या विधानसभेच्या बहुमताची असते.

आता आमेर. २०१८ मध्ये आमेरने भाजपचे सतीश पूनिया निवडून दिले, आणि सरकार आलं काँग्रेसचं. सैनींच्या निधनानंतर भाजपचं प्रदेशाध्यक्षपद याच पूनियांकडे आलं, पण सैनींची राज्यसभेची जागा मात्र विरोधी पक्षाकडे गेली. २०२३ मध्ये आमेरने काँग्रेसचे प्रशांत शर्मा निवडून दिले, आणि सरकार आलं भाजपचं. म्हणजे दोन्ही वेळा आमेरचा आमदार विरोधी बाकांवर होता आणि दोन्ही वेळा त्याला मत देण्याची वेळच आली नाही. आमेरच नव्हे, दोनशेपैकी एकाही आमदाराने मत दिलं नाही.

हाच आमेर जयपूर ग्रामीण लोकसभा मतदारसंघात येतो. तिथे २०२४ ला निकाल फक्त १,६१५ मतांनी लागला. एकेक गाव मोलाचं ठरलं. आणि संसदेच्या दुसऱ्या सभागृहात त्याच गावांच्या मताचं वजन शून्य. असं का होतं?

५१ आणि १०१ चं गणित

राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने होते. आमदार पसंतीक्रम देतो आणि ठरलेला कोटा गाठणारा निवडून येतो. हेतू असा, की विधानसभेत ज्याचं जेवढं बळ तेवढ्या जागा त्याला मिळाव्यात. कोटा काढायची रीत सोपी आहे : एकूण मतांना, भरायच्या जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागा आणि त्याच्या पुढचं मत धरा.

राजस्थानात २०० आमदार. तीन जागा एकदम भरायच्या असतील तर २०० भागिले ४, म्हणजे ५०. त्याच्या पुढचं म्हणजे ५१. एवढी मतं ज्याच्याकडे, त्याची एक जागा पक्की. पोटनिवडणुकीत जागा एकच. २०० भागिले २, म्हणजे १००. त्याच्या पुढचं १०१. म्हणजे सरळ बहुमत.

फरक बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये भाजपचे सत्तरच्या वर आमदार होते. पोटनिवडणुकीत त्यांना काहीच मिळालं नाही. जून २०२० मध्ये जवळपास तेवढेच आमदार होते, पण निवडणूक नियमित आणि जागा तीन. काँग्रेसचे वेणुगोपाल ६४ मतांनी आणि नीरज डांगी ५९ मतांनी आले, तर भाजपचे राजेंद्र गेहलोत ५४ मतांनी निवडून आले. आमदार तेवढेच, विधानसभा तीच, फक्त जागांची संख्या बदलली आणि विरोधी पक्षाला त्याचा वाटा मिळाला.

म्हणूनच नियमित निवडणुकीत चुरस असते. २०२० मध्ये याच कारणाने काँग्रेसचे आमदार आमेरच्या पुढे, दिल्ली रस्त्यावर कूकसच्या हॉटेलात ठेवले होते. पोटनिवडणुकीत हॉटेलवाल्यांना काही काम नसतं. निकाल आधीच ठरलेला असतो.

दोन जागा रिकाम्या, तरी निवडणुका वेगळ्या

आता तुम्ही विचाराल, एकाच वेळी दोन जागा रिकाम्या झाल्या तर? तेव्हा तरी प्रमाणशीर वाटप होईल ना? नाही होत.

२०१९ मध्ये गुजरातमधून अमित शहा आणि स्मृती इराणी हे दोन राज्यसभा सदस्य लोकसभेवर निवडून आले. दोन्ही जागांची मतदानाची तारीख एकच, ५ जुलै. पण निवडणूक आयोगाने दोन स्वतंत्र अधिसूचना काढल्या. म्हणजे एकाच दिवशी दोन वेगळ्या निवडणुका, प्रत्येकी एका जागेची. काँग्रेसचे तेव्हा सत्तरच्या आसपास आमदार होते आणि सभागृहाचं प्रत्यक्ष संख्याबळ १७५ च्या घरात. दोन जागा एकत्र भरल्या असत्या तर साठाच्या आसपास मतांत एक जागा मिळाली असती. वेगवेगळ्या भरल्यामुळे दोन्ही जागा भाजपला मिळाल्या. एस. जयशंकर आणि जुगलजी ठाकोर निवडून आले.

काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. निवडणूक झाल्यावर निवडणूक याचिका करता येईल, असं सांगितलं. आयोगाचं म्हणणं असं, की अवेळी रिकामी झालेली प्रत्येक जागा ही स्वतंत्र जागा आहे आणि ही पद्धत जुनीच आहे. कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य आहे. एका जागेची मुदत दोन वर्षं उरली असेल आणि दुसरीची चार, तर एकत्र निवडणुकीत कोणाला कोणती द्यायची, हा खरा प्रश्न आहे. पण गुजरातमध्ये तो नव्हता. त्या दोन्ही जागांची मुदत ऑगस्ट २०१३ नव्हे, ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच वेळी संपणार होती.

महाराष्ट्रात काय झालं?

उरलेल्या मुदतीला किती किंमत असते, हे महाराष्ट्रात दिसलं. २०२४ मध्ये पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले लोकसभेवर गेले. गोयल यांची मुदत जुलै २०२८ पर्यंत, उदयनराजेंची एप्रिल २०२६ पर्यंत. दोन्ही जागा भाजपच्या. महायुतीत वाटप होऊन एक जागा राष्ट्रवादीचे नितीन पाटील यांना, एक भाजपचे धैर्यशील पाटील यांना गेली. नितीन पाटलांना जवळपास चार वर्षं मिळाली, धैर्यशील पाटलांना दीड वर्षाच्या आसपास. दोघेही बिनविरोध. त्या फेरीत देशभरात नऊ राज्यांतल्या बारा जागा भरायच्या होत्या.

पण महाराष्ट्राचं दुसरंही उदाहरण आहे. मे २०२१ मध्ये काँग्रेसचे राजीव सातव गेले. त्यांच्या जागी काँग्रेसने रजनी पाटील यांना उभं केलं. भाजपने उमेदवार दिला होता, तो मागे घेतला. जागा त्याच पक्षाकडे राहिली. ते सौजन्य होतं, पण बहुमतही तेव्हा महाविकास आघाडीकडेच होतं हे विसरू नये.

रिकाम्या जागेचा चांगला उपयोग

ही व्यवस्था वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत आधी बंगालमधून गेले होते. फाळणीमुळे ती जागा गेली. तेव्हा बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबई प्रांताच्या विधानसभेने जुलै १९४७ मध्ये बाबासाहेबांना निवडून दिलं. बहुमत काँग्रेसचं होतं, बाबासाहेब काँग्रेसचे नव्हते. पुढच्याच महिन्यात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. एक रिकामी जागा देशाच्या किती कामी येऊ शकते, याचं याहून मोठं उदाहरण नाही. पण ते त्या बहुमताच्या समजूतदारपणामुळे घडलं. नियमाने तशी सक्ती केलेली नव्हती.

मग करायचं काय?

काही जण म्हणतील, आजच्या विधानसभेने आजचा माणूस पाठवला तर बिघडलं काय? मुद्दा योग्य आहे. पण राज्यसभा टप्प्याटप्प्याने बदलावी, तिच्यात जुना आणि नवा असा दोन्ही कौल असावा, अशीच तिची रचना आहे. आणि प्रमाणशीर वाटपाची पद्धत आपणच निवडलेली आहे. ती पाळता येईल तिथे तरी पाळावी.

माझं म्हणणं मर्यादित आहे. एकाच राज्यातल्या, एकाच सुमारास रिकाम्या झालेल्या आणि एकाच तारखेला मुदत संपणाऱ्या जागा एकाच निवडणुकीने भराव्यात. मुदती वेगळ्या असतील तर आजची पद्धत चालू द्या. यासाठी संसदेने कायद्यात स्पष्ट तरतूद करावी लागेल. अडचण एवढीच, की आजचा नियम आज ज्याच्या फायद्याचा, तो उद्या विरोधकांच्या फायद्याचा होतो, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला सगळेच तयार असतात. राजस्थानात पाच वर्षांत दोघांचीही पाळी येऊन गेली.

तोपर्यंत एक गोष्ट ध्यानात ठेवा. विधानसभेला मत देताना आपण फक्त रस्ता, पाणी आणि मुख्यमंत्री निवडत नाही. पुढच्या पाच वर्षांत आपल्या राज्यातून दिल्लीला वरच्या सभागृहात कोण बसेल, हेही त्याच बटणाने ठरतं. म्हणून उमेदवार दारात आला की रस्त्याबरोबर एवढंही विचारा : राज्यसभेवर तुमचा पक्ष कोणाला पाठवतो, आणि का?

जय हिंद.