खाचरातला पारा

चीनच्या गुइझोउ प्रांतातल्या वानशानची ओळख ‘पाऱ्याची राजधानी’ अशी होती. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा खनिज दगड खणायचा, भट्टीत भाजायचा, वाफ थंड करून पारा धरायचा आणि भाजलेला खडक दरीत लोटायचा, हा उद्योग इथे शतकानुशतके चालला. मोठी खाण २००१ च्या सुमारास बंद झाली. खडकाचे ढिगारे तसेच राहिले आणि त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या खोऱ्यात भात पिकत राहिला.

पाऱ्याने दूषित मासे खाल्ल्याने होणारा जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. अन्नातला पारा म्हणजे मासे, हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले. पण समुद्रापासून दूर राहणाऱ्या गुइझोउच्या शेतकऱ्याच्या जेवणात मासे थोडे आणि भात भरपूर. गुइयांगच्या भू-रसायन संस्थेतील फंग शिनबिन यांच्या गटाने २०१० मध्ये तिथल्या आहाराचा हिशेब मांडला. शरीरात जाणाऱ्या मिथाइल पाऱ्यापैकी, म्हणजे पाऱ्याच्या मेंदूला घातक सेंद्रिय संयुगापैकी, नव्वद टक्क्यांहून अधिक भातातून येत होते. तांदळात किलोमागे २० मायक्रोग्रॅम एकूण पारा ही चीनची मर्यादा; वानशानच्या काही नमुन्यांत एकटा मिथाइल पाराच शंभरावर गेला होता.

त्याच शिवारातल्या मक्यात आणि भाजीपाल्यात मिथाइल पारा याच्या तुलनेत नगण्य होता. फरक पाण्यामुळे पडतो. चिखलणी करून पाणी बांधले की मातीतला प्राणवायू संपतो. अशा मातीत सल्फेटवर आणि लोहावर जगणारे जिवाणू फोफावतात आणि साध्या पाऱ्याला मिथाइल गट जोडतात. भाताची मुळे हे संयुग शोषतात, ते पानांत-खोडांत साठते आणि दाणा भरताना दाण्यात उतरते. साधा पारा बराचसा तुसात आणि कोंड्यात अडकतो, म्हणून तांदूळ सडून पांढरा केल्यावर तो कमी होतो. मिथाइल पारा मात्र पांढऱ्या दाण्यातच राहतो. गर्भवतीच्या वारेतून तो बाळाच्या घडत्या मेंदूपर्यंत पोहोचतो. माशाबरोबर मेंदूला पोषक स्निग्धाम्लेही मिळतात. भातात तीही नसतात.

या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष वेगळाच आहे. मातीत मुरलेल्या जुन्या पाऱ्यापेक्षा हवेतून नुकताच उतरलेला पारा जिवाणूंना सहज वापरता येतो. त्यामुळे नुसता मातीतला एकूण पारा मोजून धोका कळत नाही, आणि आज थांबवलेले उत्सर्जन पुढच्या पिकांना उपयोगी पडते.

हे आपल्यालाही लागू आहे. हवेत पारा सोडणाऱ्या मोठ्या स्रोतांत कोळसा येतो आणि आपली वीज मुख्यतः त्यावरच चालते. उसाच्या बेण्याला लावायचे पारायुक्त बुरशीनाशक भारताने २०१८ मध्ये बंद केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारालाही त्याच वर्षी मान्यता दिली. ही पावले योग्य दिशेची आहेत.

दूषित खाचरात पाणी आलटून पालटून सोडले आणि सुकवले, तर मिथाइल पारा कमी बनतो. मात्र मातीत कॅडमियम असेल तर सुकवण्याने ते दाण्यात वाढते, म्हणून माती तपासूनच हा उपाय करावा. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातल्या भाताच्या दाण्यात मिथाइल पारा किती आहे, हे नियमित मोजले जावे आणि ते आकडे शेतकऱ्याच्या हाती द्यावेत. ज्यांच्या पोटात हा भात जातो, त्यांचा त्या माहितीवर पहिला हक्क आहे.